कोयत्यासमोर कराटे की कुस्ती?

वाचकांचे प्रश्न : स्वसंरक्षण

प्रश्न : ताई, सिडकोत माझं औषधांचं दुकान आहे. वय ४६. रात्री अकराला दुकान बंद करतो. मागच्या महिन्यात आमच्याच ओळीतल्या किराणावाल्याला दोन पोरांनी कोयता दाखवला आणि गल्ला नेला. त्याला काही झालं नाही, पण माझी झोप उडाली. मुलगा १७ वर्षांचा आहे, संध्याकाळी दुकानात हात लावतो. दोघांनी काहीतरी शिकायचं ठरवलंय. घराजवळ कराटे आणि तायक्वांदोचे क्लास आहेत. शहरात एके ठिकाणी क्राव मागाचं तीन दिवसांचं शिबिर आहे, तिथे चाकू हिसकावून घ्यायला शिकवण्याची हमी देतात. मुलगा व्हिडिओ बघून फिलिपिन्सच्या काली नावाच्या कलेबद्दल बोलत असतो. बायको म्हणते, हे सगळं सोडा, लाठी शिका. हत्यार घेऊन आलेल्या माणसापुढे खरोखर उपयोगी पडेल अशी कला कोणती?
— एक औषधविक्रेते, सिडको, नाशिक

उत्तर : भाऊ, आधी तुमच्या शेजाऱ्यांबद्दल. त्यांनी गल्ला दिला आणि ते धडधाकट घरी गेले. त्या रात्री जे करायला हवं होतं तेच त्यांनी केलं. ओळीत कुणी त्यांना भित्रा म्हणत असेल तर तुम्ही त्याला तिथेच थांबवा. त्या बोलण्यामुळे पुढच्या वेळी दुसरा कुणीतरी दुकानदार कोयत्यावर हात घालेल.

मी पंचवटीत ज्यूदो शिकवते. वडील तालमीतले, त्यामुळे मातीतली कुस्ती लहानपणापासून पाहिलेली आहे. माझ्या हॉलमध्ये तुमच्यासारखे वडील मुलाला घेऊन येतात आणि हाच प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते: धारदार हत्यारापुढे रिकाम्या हातांनी सुरक्षित करील अशी कोणतीही कला नाही. माझीही नाही. काही कलांनी, आणि त्याहून जास्त काही शिकवण्याच्या पद्धतींनी, वाचण्याची शक्यता वाढते. तेवढ्यासाठी शिकणं मोलाचं आहे, आणि म्हणूनच निवड नीट करायला हवी.

क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात काय दाखवतात ते आठवा. समोरचा मुलगा रबरी चाकू डोक्यावर उंच धरून येतो, एकच वार करतो आणि हात तसाच पुढे ठेवून उभा राहतो. दुसरा मनगट पकडतो, पिरगाळतो, चाकू पडतो, टाळ्या. प्रत्यक्षात हल्ला करणारा हात पुढे ठेवत नाही. चाकू बहुतेक वेळा मांडीमागे किंवा कपड्यात लपवलेला असतो. मोकळ्या हाताने तो तुमची कॉलर धरतो किंवा छातीवर रेटा देतो आणि दुसऱ्या हाताने पोटात, बरगडीत वारावर वार करतो. हात बाहेर येतो तो परत आत जाण्यासाठीच. अशा जखमांतून वाचलेली माणसं सांगतात की आधी बुक्की बसल्यासारखं वाटलं, रक्त नंतर दिसलं. त्या गतीत मनगट नेमकं पकडणं वर्षानुवर्षं सराव केलेल्यालाही साधेलच असं नाही.

अंतराचंही तसंच आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात मांडलं होतं की चाकू घेतलेला साधारण माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात पार करतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला प्रशिक्षित पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. तुमच्या दुकानाच्या पायरीपासून काउंटरपर्यंत २१ फूट असतील का? सिडकोतले गाळे मी पाहिलेत, निम्मेही भरणार नाहीत. म्हणजे कोयता दिसेल तेव्हा 'आता कोणता डाव' याचा विचार करायला वेळच नसेल. अंगात जे मुरलेलं असेल तेवढंच बाहेर येईल.

आता अंगात काय मुरतं? जे समोरच्याच्या पूर्ण विरोधाविरुद्ध पुन्हा पुन्हा केलेलं असतं ते. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जे डाव सरावात घातक ठरतील ते त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले. उरलेले डाव मुलं एकमेकांवर पूर्ण ताकदीने करू शकली. या मोकळ्या झुंजीला ज्यूदोत रांदोरी म्हणतात. तालमीत सरावाची कुस्ती धरतात तेव्हाही तेच होतं. समोरचा पडायला तयार नसतो, तो तुम्हालाच पाडायला बघतो, दम लागतो, घाम डोळ्यांत जातो, आणि त्या सगळ्यात पाय कुठे ठेवायचा हे शरीर शिकतं. कधीही पूर्ण जोराने न केलेल्या शंभर घातक डावांपेक्षा अशा रीतीने केलेले चार साधे डाव मला जास्त भरवशाचे वाटतात.

ज्यूदोत चाकूविरुद्धचं काहीच नाही असं नव्हे. ठरवून केलेल्या जोडीच्या सरावाला ज्यूदोत काता म्हणतात. त्यातल्या किमे नो कातामध्ये खंजीर आणि तलवार आहे, १९५६ मध्ये कोडोकानने तयार केलेल्या गोशिनजुत्सूमध्ये चाकू, काठी, पिस्तूल आहे. मी ते शिकवते, मला ते प्रिय आहे. पण तिथे पुढचा वार कोणता हे दोघांनाही आधी ठाऊक असतं. म्हणून ते शिकलेल्या मुलांना मी बजावून सांगते की आता तुम्ही चाकूसाठी तयार आहात असं समजू नका.

तुम्ही विचारलेल्या एकेका कलेबद्दल माझं मत असं. तायक्वांदोने पाय चपळ होतात, अंतर कळतं, हे चांगलंच. पण धारदार हत्यारासमोर उंच लाथ मारणं म्हणजे मांडीची आतली बाजू पुढे करणं, आणि पायाची मोठी रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, तिथूनच जाते. कराटे ही ओकिनावाची कला, गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ती टोकियोत नेली. नाशिकमध्ये गल्लोगल्ली क्लास आहेत आणि त्यांच्यात फरकही तेवढाच आहे. जिथे वर्षभर हवेत ठोसे मारून बेल्टची परीक्षा होते तिथे शिस्त शिकाल, व्यायाम होईल. जिथे खरे ठोसे खाऊन कुमिते, म्हणजे जोडीदाराशी झुंज, होते तिथलं शिक्षण फार वेगळं.

क्राव मागा इमी लिख्टनफेल्ड यांनी घडवली. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर ज्यूंवर हल्ले होत होते. लिख्टनफेल्ड स्वतः मुष्टियोद्धे आणि कुस्तीगीर होते, आणि आखाड्यातलं सगळंच रस्त्यावर चालत नाही हे त्यांना तिथे कळलं. पुढे इस्रायलच्या लष्कराने ही पद्धत घेतली. तिच्यातली विचारसरणी मला पटते: अडवणं आणि मारणं एकाच वेळी, आणि संधी मिळताच निघून जाणं. पण नाव क्राव मागा आहे एवढ्यावर काही ठरत नाही. तीन दिवसांत हिसकावण्याची हमी देणारा माणूस तुमचं भलं करत नाही. त्या शिबिरातून तुम्ही हात जसेच्या तसे, पण छाती फुगवून बाहेर पडाल, आणि त्या रात्री गल्ला द्यायच्या ऐवजी मनगट पकडायला जाल. मला त्याचीच भीती वाटते.

काली, म्हणजे आर्निस किंवा एस्क्रिमा. तुमच्या मुलाची नजर चांगली आहे. ही कला शिकवताना सुरुवातच हत्यारापासून होते, आधी वेताची काठी, मग पातं. चाकू कसा चालतो हे समजून घ्यायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही. २००९ मध्ये फिलिपिन्सने आर्निसला कायद्याने राष्ट्रीय खेळ केलं. खरा जाणता शिक्षक मिळाला तर जरूर पाठवा, पण व्हिडिओ बघून घरातल्या गच्चीवर नको.

आणि वहिनींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला) आजही शिकवतात, आणि कोयत्याविरुद्ध लांबी हाच सर्वांत मोठा आधार असतो. दोन हातांत पाच फुटी काठी धरलेल्या माणसाच्या अंगाशी येणं कोयतेवाल्याला अवघड जातं. लाठीने पाय हलते राहतात, खांदे मोकळे होतात, घेर कळतो. अडचण इतकीच की रात्री अकराला तुमच्या हातात लाठी नसेल. हातात असेल प्लॅस्टिकची खुर्ची, हेल्मेट, शटर ओढायची आकडीची दांडी. खुर्चीचे चार पाय समोरच्याच्या छातीवर रोखून मागे सरकता येतं, हे मी माझ्या हॉलमध्ये सगळ्यांकडून करून घेते. चाकू आणि तुमच्यामध्ये काहीतरी हवं, मग ते काउंटर असो की उभी केलेली अ‍ॅक्टिव्हा.

तर निवड कशी करायची? क्लासला जा आणि एक पाहुणा म्हणून बसा. शिक्षकांना नम्रपणे विनंती करा: दोन जुन्या विद्यार्थ्यांना पांढरे टी-शर्ट घालायला सांगा, एकाच्या हातात लाल स्केच पेन द्या. पेनवाल्याला सांगा, हा चाकू आहे, कसाही हल्ला कर, थांबू नकोस, ढकल, कॉलर धर. दुसऱ्याने शिकलेलं करून दाखवावं. अर्ध्या मिनिटानंतर टी-शर्ट बघा. चांगल्या क्लासमध्येही लाल रेघा दिसतीलच. बघायचं आहे ते शिक्षकांकडे. जे म्हणतात, 'बघा, लागलंच, म्हणूनच आधी पळायचं, आणि पळता येत नसेल तर निदान गळा-पोट वाचवायचं', त्यांच्याकडे नाव घाला. जे म्हणतात, 'असं कुणी रस्त्यावर करत नाही' किंवा 'आमचे डाव सरावात करण्याइतके साधे नाहीत', तिथून चहा न घेता उठा.

तुमच्या मुलाला मी ज्यूदो किंवा कुस्ती सुचवीन. वय हेच आहे. पडायला शिकेल, आणि रस्त्यावर डोकं आपटून होणारं मरण चाकूइतकंच खरं आहे. कुणी धरलं तर गडबडणार नाही. आणि हत्यारवाल्याच्या एका हातावर आपले दोन्ही हात घालून तो हात आपल्या छातीशी बांधून ठेवणं, ही जी एकच गोष्ट शेवटच्या क्षणी खरी ठरू शकते, ती पकडीची ताकद असल्याशिवाय होत नाही. ती ताकद ज्यूदो-कुस्तीतच येते. त्याच्या जोडीला काही महिने बॉक्सिंग मिळालं तर उत्तम, म्हणजे चेहऱ्यासमोर काही आलं की डोळे मिटणार नाहीत. तुम्ही स्वतः ४६ चे. गुडघे, रक्तदाब डॉक्टरांना दाखवून मग त्याच हॉलमध्ये या, पडण्याचा सराव सावकाश करा, आणि रोज गोदापार्कला किंवा घराजवळच्या मैदानावर थोडं जोरात पळा. शंभर मीटर न थांबता पळता येणं तुमच्या वयाला कोणत्याही बेल्टपेक्षा कामाचं.

आता दुकानाबद्दल, कारण धोका तिथे आहे. शटरला खालचं कुलूप लावताना माणूस रस्त्याकडे पाठ करून वाकलेला असतो, दोन्ही हात गुंतलेले, गल्ल्याची पिशवी पायाशी. लुटायला आलेल्याला यापेक्षा सोयीची वेळ नाही. म्हणून एकाने कुलूप लावायचं आणि दुसऱ्याने रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं, हातात काही न घेता. मुलगा दुकानात असतो तर हे काम त्याला द्या. रोख रक्कम रोज त्याच वेळी त्याच पिशवीतून नेऊ नका. आता अर्धा धंदा फोनवरच्या पैशांत होतो, उरलेलं संध्याकाळीच हलवा. शटरवरचा दिवा गेला असेल तर आजच बदला. ओळीतल्या चार दुकानांनी एकाच वेळी बंद करायचं ठरवलं तर फारच छान.

कोयता दाखवून कुणी पैसे मागितले तर द्या. पिशवी हातात देऊ नका, बाजूला टाका आणि विरुद्ध दिशेला सरका, म्हणजे त्याला तुमच्याकडे यायचं कारण उरत नाही. गावठी कट्टा असेल तरी हेच. लढायची वेळ फक्त तेव्हा, जेव्हा पैसे मिळूनही तो थांबत नाही, किंवा तो मुळात पैशांसाठी आलेलाच नाही, आणि पळायला वाट नाही. तेव्हा हनुवटी खाली, हात गळ्यापुढे, हाताची बाहेरची बाजू त्याच्याकडे, कारण आतल्या बाजूला शिरा आणि कंडरा आहेत. कोयत्याला फिरवायला जागा लागते, सर्वांत जास्त जोर पात्याच्या पुढच्या भागात असतो. त्यामुळे एक तर पार दूर, नाही तर त्याच्या दंडाला चिकटून, मधल्या अंतरात मुळीच नाही. छोट्या चाकूचं तसं नाही, चिकटल्यावरही तो वार करतोच, म्हणून तिथे हात बांधून ठेवल्याशिवाय जवळ जाणं घातक. आणि पकड सुटली की पळा. पडलेला कोयता उचलायला वाकू नका.

कायद्याचंही मुलाला समजावा, त्याच्या वयात राग लवकर येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. जिवावर बेतलं असेल तर हा हक्क मोठा आहे. पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर पळत सुटला किंवा जमिनीवर निपचित पडला, त्यानंतर त्याला मारणं हा बचाव राहत नाही. आणि उद्यापासून खिशात चाकू ठेवून फिरायचं, हा विचार त्याच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढा.

शेवटचा भाग बहुतेक क्लास शिकवत नाहीत, म्हणून मी हट्टाने शिकवते. तुमचं तर औषधांचं दुकान आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, आणि मोठी रोहिणी कापली गेली तर काही मिनिटांत जीव जातो. स्वच्छ कापड, गॉजचा गठ्ठा, जे हाताशी असेल ते जखमेवर दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकून दाबा, आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा, तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि वेळ लिहून ठेवा. दोरी किंवा वायर नको. चाकू अंगात रुतलेला असेल तर काढू नका. दुसऱ्याने तोवर १०८ आणि ११२ लावायचे. काउंटरखाली एक डबा या सामानाचा वेगळा ठेवा आणि मुलाला, वहिनींना तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.

प्रश्न : मी नाशिकरोडला परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून देवळालीला रिक्षाने जाते. मिरपूड स्प्रे घेतला तर क्लासची गरज उरते का?
— एक वाचक, देवळाली

उत्तर : स्प्रे जरूर घ्या, पण तो पर्सच्या तळाशी असेल तर नसल्यासारखाच. रिक्षातून उतरण्याआधी हातात, अंगठा झाकणावर. त्यावरची मुदत बघा. जुन्या झालेल्या स्प्रेने एकदा मोकळ्या मैदानात फवारून पाहा, म्हणजे फवारा किती दूर जातो, वारा कसा परतवतो ते कळेल. चालत्या रिक्षात मारलात तर तुमच्याही डोळ्यांत जाईल, तिथे शेवटचा उपाय म्हणूनच. स्प्रे लागूनही काही माणसं दोन-चार पावलं पुढे येतातच, म्हणून मारायचं आणि त्याच क्षणी बाजूला होऊन धावायचं, परिणाम बघत थांबायचं नाही. हे सगळं करायला पाय आणि हिंमत लागते, ती क्लासमध्ये येते. आठवड्यातले दोन दिवस पुरे. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र येऊ नका, थकलेल्या अंगाने पडण्याचा सराव केला की मान दुखावते.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी ते दहावीच्या मुलींसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवायचं आहे. चाकूहल्ल्याचं प्रात्यक्षिक ठेवावं का?
— एक शिक्षिका, दिंडोरी

उत्तर : बाई, प्रात्यक्षिक ठेवू नका. एका दिवसात मुलींना मोठ्याने ओरडता येईल, धरलेलं मनगट अंगठ्याच्या बाजूने सोडवता येईल, मागे पडताना डोकं वर ठेवता येईल, ११२ ला पत्ता नेमका सांगता येईल. प्रत्येकीला यातली प्रत्येक गोष्ट निदान दहा वेळा करू द्या, रांगेत बसून बघायला लावू नका. ओरडण्याला सर्वांत जास्त वेळ द्या, आपल्याकडच्या मुलींच्या घशातून पहिल्यांदा आवाजच निघत नाही. चाकूबद्दल एवढंच सांगा की दिसला की दूर व्हायचं, मागितलं ते टाकायचं आणि माणसं असतील त्या दिशेला पळायचं. आणि ती दिशा त्यांच्याकडूनच काढून घ्या: शाळेतून घरी जाताना कोणकोणती दुकानं उघडी असतात, कोणत्या घरात हाक मारता येईल, हे प्रत्येकीला कागदावर काढायला सांगा. तुमच्या गावचा रस्ता बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाला माहीत नसतो, त्यामुळे हा भाग तुम्हीच घ्या.